निळ्या पायाची खुर्ची

या मित्रांनो, या. असे दारात घुटमळू नका. जवळ सरका, खाली ऐसपैस बसा. माझ्यावर मात्र धपकन बसू नका, मी डुगडुगते. आज तुम्हाला एक गोष्ट सांगते. गोष्ट माझीच आहे. पण ऐकता ऐकता ती तुमच्या घरातल्या एखाद्या माणसाची वाटू लागली, तर दचकू नका.

मी एक जुनी खुर्ची आहे. पाठ सरळ, बैठक रुंद, बाजूला हात नाहीत. माझे तीन पाय लाकडाच्या रंगाचे आहेत आणि चौथा निळा. तोच बाकीच्यांपेक्षा थोडा लांबही आहे. त्या एका पायाने मला जन्मभर स्वस्थ बसू दिले नाही. कुणी टेकले की टक. उठले की टक. नुसता हात लावला तरी टक.

हा पाय चुकून लांब राहिला, असे सगळ्यांना वाटते. तसे नाही. ऐका तर.

सूत रंगवण्याच्या एका मोठ्या खोलीत माझा जन्म झाला. तिथे जमिनीत निळीचा हौद होता आणि सांडलेले पाणी वाहून जावे म्हणून हौदाभोवती नाली होती. तिथे एक आक्का दिवसभर उभी राहून सुताच्या लडी बुडवायची, पिळायची, दांडीवर टाकायची. हौदातून निघताना सूत हिरवट दिसे आणि वाऱ्यावर बघता बघता निळे होई. लड बुडवताना आक्का देवाचे गाणे म्हणायची. एका लडीला एक कडवे. कडवे संपले की लड बाहेर. घड्याळाकडे तिने कधी पाहिले नाही, आणि रंग कधी फसला नाही.

पण उभे राहून राहून तिचे गुडघे गेले. तिचा धाकटा भाऊ सुतार. त्याने मला घडवले आणि खांद्यावर घालून तिच्यापुढे आणून ठेवले.

"आक्का, बस बघू."

आक्का हौदाला खेटून बसायला गेली, तर माझा एक पाय नालीत गेला. मी कलंडले. आक्का कोपरापर्यंत निळीत.

"अरे, मला बसवायला खुर्ची केलीस की बुडवायला?"

"खुर्ची बरोबर आहे, आक्का. तुझी जमीन चुकीची आहे."

"मग जमीन बदल!"

दोघे पोट धरून हसले. मग तो भाऊ काय करतो? त्या ओल्या जमिनीवर चक्क पालथा पडला आणि नालीत बोट घातले. बोटाची दोन पेरे बुडाली. त्याने माझा एक पाय काढला आणि दोन पेरे लांब असा नवा बसवला. तो पाय नालीत उतरला आणि मित्रांनो, मी अशी स्थिर झाले, जणू जमिनीतूनच उगवले! आक्का बसली. तिने डोळे मिटले. "आता कसं," एवढेच म्हणाली, आणि पुढचे कडवे सुरू केले.

वर्षानुवर्षे माझा तो पाय निळ्या पाण्यात उभा होता. रंग लाकडाच्या रेषारेषांतून वर चढत गेला. सुख काय असते, ते मला तिथे कळले. आपल्या मापाच्या जागी उभे राहता येणे, बस्स.

मग सूत रंगवणारी यंत्रे आली. हौद बुजला, नाली बुजली, आक्काही देवाघरी गेली. मी सपाट जमिनीवर आले आणि त्या दिवसापासून माझी टकटक सुरू झाली.

किती घरे फिरले, विचारू नका. कुणी माझ्या आखूड पायांखाली कागदाची घडी सारली, कुणी फरशीचा तुकडा. कुणी मला दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून माळ्यावर धाडले. "ही डुगडुगी कशाला ठेवलीय?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले, की तेच आपले नाव असे मला वाटू लागले. शेवटी भंगारवाल्याच्या गाडीवरून मी जुन्या वस्तूंच्या दुकानात पोहोचले.

तिथल्या काकू जिभेच्या भारी गोड. माळ्यावर मला अडगळ म्हणत, तिथे मी एकदम 'विंटेज' झाले. धूळ तीच, पण काकू म्हणत, "पुसू नका, तिची शोभा आहे ती!"

एक दिवस दुकानात एक मुलगी वाऱ्यासारखी शिरली. ती लोकांची घरे सजवायची. हाताने घडवलेल्या, जुन्या वस्तू हुडकायची आणि कुणाच्या कोपऱ्यात काय शोभेल, ते सांगायची. तिने एका दमात पितळी दिवा उचलला, टोपली उलटी करून विणीची गाठ पाहिली, मग माझ्यापुढे येऊन उकिडवी बसली.

"काकू, हा पाय रंगवलाय ना? खरं सांगा."

"देवाशपथ रंगवलेला नाही. नखाने खरवडून बघ. रंग आत मुरलाय."

तिने खरवडले. तिचे डोळे चमकले. मग तिने मला हलवले. टक.

"डुगडुगते की!"

"हातच्या कामाची हीच तर खूण, बाळ! यंत्राची खुर्ची कधी डुगडुगते का?"

काकूंच्या या युक्तिवादावर ती मुलगी खळखळून हसली आणि मला घेऊन घरी आली.

घरात ती आणि तिची आई, दोघीच. आई तिला भिंगरी म्हणायची आणि ते नाव अगदी चपखल होते. भिंगरीचे घर हाच तिचा नमुना. ती आपल्या घरातले कोपरे सजवून फोटो काढायची, ते पाहून लोक तिला बोलवायचे. त्यामुळे घरात कशालाच थारा नव्हता. आज खिडकीशी असलेले कपाट उद्या दाराशी. टोपल्या भिंतीवर, मग जमिनीवर, मग परत भिंतीवर. मीही कधी कुंडीखाली, कधी पुस्तकांच्या चळतीखाली, कधी नुसतीच उन्हात तिरपी. फोटोपुरती शोभायचे. बसत मात्र कुणी नव्हते.

मला वाटायचे, या घरात अस्वस्थ अशी मी एकटीच. पण नाही. आणखी एक जीव होता.

आईच्या डोळ्यांत धुके उतरत चालले होते. तिला उजेड कळायचा, हालचाल कळायची. वस्तूंच्या कडा मात्र पुसल्या गेल्या होत्या. ती घर पायांनी आणि हातांनी ओळखायची. सकाळी पाठ केलेले घर संध्याकाळी बदललेले असायचे.

"भिंगरे, अगं मेज कुठं गेलं?"

"खिडकीशी नेलं, आई. उजेड किती छान पडतो तिथं!"

"उजेड छान पडतो, पण मीही छान पडते ना त्याच्यावर!"

दोघी हसायच्या. आईचे हसू जरा आधी थांबायचे.

फोनवर मात्र आई आपल्या बहिणीशी वेगळेच बोलायची. "तिला नको सांगूस. पोरीचं काम आहे ते. पण मला ना, स्वतःच्या घरात पाहुणी असल्यासारखं वाटतं गं." पलीकडून मावशी म्हणायची, "मग ये की माझ्याकडे. माझ्या घरात वीस वर्षांत खिळासुद्धा हललेला नाही!"

अशात एकदा भिंगरीने मला बोळकांडीच्या वळणावर ठेवले, आईच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे वळायचे तिथे. फोटो निघाला, आणि कामाच्या गडबडीत मी तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी आई भिंत चाचपत आली. तिचा हात माझ्या पाठीवर पडला. टक.

आई थबकली. पुन्हा हात ठेवला. टक.

"अस्सं," ती हळूच म्हणाली. "तू आहेस होय इथं? म्हणजे आता डावीकडे."

आणि कुठेही न धडकता ती स्वयंपाकघरात पोहोचली.

मित्रांनो, ज्या आवाजाची मला जन्मभर लाज वाटली, त्या आवाजाला त्या दिवशी प्रथमच कुणीतरी ओ दिली. आई रोज येऊ लागली. येताना टक, जाताना टक. कधी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "काय गं, बरी आहेस ना?"

पण सुख आमच्या घरात टिकेल, तर ती भिंगरी कसली?

एका मोठ्या बंगल्याचे काम मिळणार होते. बंगल्याच्या बाई घर पाहायला येणार म्हणून भिंगरीने दोन दिवस सगळे घर ढवळून काढले. मलाही दिवाणखान्यात नेऊन मधोमध ठेवले. बाई आल्या, निळा पाय पाहून हरखल्या आणि चहाचा कप घेऊन माझ्यावरच बसल्या. टक! चहा साडीवर.

"घर सुंदर आहे हो तुमचं," बाई साडी झटकत म्हणाल्या, "पण यात बसायचं कुठे?"

बाई गेल्या. भिंगरीने मला उचलले आणि गच्चीत नेऊन आदळले. मिस्त्रींना फोन लावला. "उद्या सकाळी करवत घेऊन या. एक पाय कापायचाय."

आणि वळणावरच्या माझ्या जागी तिने मातीचा एक उंच रांजण आणून ठेवला. दिसायला देखणा होता, हो. खोटे कशाला बोलू?

दुपारी आई उठली. मी गच्चीतून ऐकत होते. भिंतीवरून तिचा हात सरकत आला, माझी पाठ शोधू लागला. पाठ नव्हती. हात पुढे गेला, मागोमाग आई गेली आणि रांजण फुटल्याचा आवाज झाला.

मला पाय चार आहेत, मित्रांनो. पण धावता एकानेही येत नाही.

आईचे मनगट मुरगळले. भिंगरीने पट्टी बांधली, खापऱ्या गोळा केल्या, वारंवार "दिसलं नाही का गं?" म्हणाली आणि म्हटल्यावर आपणच ओठ चावला.  संध्याकाळी आईने एका हाताने पिशवी भरायला घेतली.

"कुठं निघालीस?"

"मावशीकडे."

"किती दिवस?"

आईने साडीची घडी पुन्हा घातली. 

सकाळी मिस्त्री आले. त्यांनी मला आडवे पाडले, कानावरची पेन्सिल काढली आणि निळ्या पायावर रेघ ओढली. करवत लावणार, तोच गच्चीच्या दारात आई उभी. प्रवासाची साडी नेसलेली, हातात पिशवी.

"काय कापताय?"

"डुगडुगते ना ती आई," भिंगरी म्हणाली. "सरळ करून घेते. मग आवाज नाही यायचा."

"आवाज नाही यायचा?" आईच्या हातून पिशवी सुटली. "भिंगरे, अगं या घरात तेवढी एकच वस्तू मला सांगते की मी कुठं आहे. तिचंही तोंड बंद करणार आहेस?"

भिंगरीला कळेना. तेव्हा आईने तिला वळणाची, डावीकडची, त्या टकटकीची सगळी हकिकत सांगितली. रागावून नाही; मुलाला वाट समजावून सांगावी तशी.

मिस्त्रींनी करवत गुडघ्यावर ठेवली. "तुमचं काय ते ठरवा. मी बसलोय. फक्त या खुर्चीवर नको."

भिंगरी उठली. आईच्या खोलीच्या दाराशी गेली, डोळे गच्च मिटले आणि चालू लागली. चार पावलांत गुडघा कपाटावर. "आई गं!" पुढे टोपल्यांची उतरंड धडाधडा खाली. मग कपाळ दिव्याला.

"अरे, हे इथं कुणी ठेवलं?"

"तूच," आई म्हणाली.

भिंगरी तिथेच टोपल्यांच्या पसाऱ्यात बसली. डोळे उघडले नाहीत तिने. मिटलेल्या डोळ्यांतूनच पाणी यायला लागले. आई भिंत धरत तिच्याजवळ गेली, चाचपडून तिचे डोके शोधले आणि कुरवाळत राहिली.  अखेर मिस्त्रीच घसा खाकरून म्हणाले, "ताई, करवतीचं काम नसेल, तर कपाट हलवायला हात देऊ का?"

त्या दिवशी त्या घरातले सामान शेवटचे हलले. आई सांगत होती आणि दोघे हलवत होते. "मेज भिंतीला. टोपल्या वर. नाही, अजून वर, डोक्याला लागतील." फोटोत ते घर पूर्वीइतके छान येत नाही म्हणे. बंगल्याचे काम दुसऱ्या कुणाला गेले. पण भिंगरी आता कुणाच्याही घरी गेली, की भिंती बघायच्या आधी विचारते, "इथं कोण कोण राहतं? कुणाला उठायबसायला त्रास? कुणाला कमी दिसतं?" आणि मग मापे घेते.

मावशीच आली राहायला. पहिल्याच दिवशी माझ्यावर बसली आणि किंचाळली. आईला केवढे हसू आले!

मी पुन्हा वळणावर आहे. निळ्या पायावरची पेन्सिलची रेघ अजून तशीच आहे. कुणी पुसली नाही. मी अजूनही डुगडुगते. नालीतली ती स्थिरता मला परत मिळाली नाही, आणि खरे सांगते, कधीकधी फार आठवते. मग आईचा हात पाठीवर पडतो, टक होते, आणि माझ्या त्या रात्रंदिवसाच्या डुगडुगण्यातूनही कुणाला काही द्यायचे देवाने योजले होते, असे वाटते.

मित्रांनो, जुनी वस्तू घरी आणाल तेव्हा तिच्यातल्या वाकड्यावर लगेच करवत धरू नका. ती कुणाच्या तरी मापाची असते. आणि घर सजवाल, तर त्यात चालणाऱ्या पावलांना विचारून सजवा.

एवढे ऐकलेत, तर आणखी एक करा. कुठे निळे सूत दिसले, तर माझ्या आक्काची आठवण काढा. आणि तिच्या त्या भावाचीही. त्याचे नाव कुठल्याच दुकानात कुणी विचारले नाही. पण बहिणीला नीट बसता यावे म्हणून तो ओल्या जमिनीवर पालथा पडला होता, नालीत बोट घालून.