पंचमीचे तीन ठोके

मी तोंडाची फटकळ आहे, हे कल्याणात आमच्या सगळ्या आळीला ठाऊक आहे. पण एक गोष्ट मी नऊ वर्षं तोंडाबाहेर काढली नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं माझं झालं होतं.

आमच्या आणि झुलेखाच्या परसाची मधली भिंत एकच. तिच्यातली एक वीट कधीतरी निसटली होती, ती कोणी परत बसवली नाही. वरवंट्याचे दोन ठोके म्हणजे गप्पा मारायला ये, तीन म्हणजे हातातलं टाक आणि ये. त्या भोकातून इकडच्या मेथ्या तिकडे गेल्या, तिकडच्या शेवग्याच्या शेंगा इकडे आल्या. तिच्या हातचं शिजलेलं आम्हांला चालत नसे, आणि तिनं त्याचा कधी राग धरला नाही. बोलण्याला मात्र विटाळ नव्हता. रोज्यात थुंकी गिळलेली चालते का, हे मी विचारायची. सोवळ्यात कोणी हाक मारली तर काय करता, हे ती विचारायची. मी सांगितलं होतं, श्राद्धाचा स्वयंपाक चालू असताना भिंतीपलीकडे नुसती ओ दिली तरी सासूबाई मला पुन्हा न्हायला लावतात, आणि शिजवलेलं सगळं गाईला जातं. तुझे पितर फार कडक आहेत बाई, असं म्हणून ती हसली होती. पुढे पुढे आमच्या तिथी माझ्यापेक्षा तिलाच जास्त पाठ झाल्या.

अठ्ठेचाळीस सालचा पितृपक्ष होता. निजामाचं हैदराबाद पडून आठवडाही झाला नव्हता. त्यांच्या बाजूची निम्मी घरं आधीच कराचीला गेलेली, उरलेल्यांनी दारं लावून घेतलेली. झुलेखाचा नवरा इसाकभाई लाकडांच्या वखारीत कामाला. तो त्या दिवशी भिवंडीला गेला होता. घरात ती आणि तिची आठ वर्षांची मरियम, दोघीच. आमच्याकडे सासऱ्यांचं पंचमीचं श्राद्ध. मी सोवळ्यात चुलीपाशी, खीर आटत आलेली, कढईत वडे. सासूबाई दारात पाट टाकून माझ्यावर डोळा ठेवून बसलेल्या.

बाराच्या सुमाराला भिंतीवर तीन ठोके पडले.

मी ऐकले. झारा हातातच थांबला. सासूबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणून. पुन्हा वाजलं तर उठायचं, असं मी मनाशी ठरवलं. पुन्हा वाजलंच नाही. काय असेल ते मिटलं असेल, असं म्हणून मी पुढचा वडा तेलात सोडला.

ब्राह्मण अडीचला जेवून उठले. उष्ट्या पत्रावळी टाकायला मी परसात गेले, तेव्हा भोकातून मरियम म्हणाली, काकी, अम्माला पान लागलंय. सापाचं नाव घेऊ नये म्हणून आमच्याकडे असंच म्हणतात. सरपणातून लाकूड ओढताना झुलेखाच्या हाताला तो डसला होता. ह्यांनी धावत जाऊन टांगा आणला, तोवर तिची जीभ जड झाली होती. दिवेलागणीला ती गेली.

मी सगळ्यांना सांगितलं, तेल कडकडत होतं, मला ऐकू आलं नाही. सासूबाईंनीही तेच सांगितलं. इसाकभाईनं ते मानलं, उलट मलाच धीर दिला. मग त्या भोकातून मी मरियमला वाढवलं म्हणा ना. माझ्या पोटी काही नाही. तिची वेणी, तिचे पाढे, तिचा ताप, सगळं माझ्याकडे. पण दर वर्षी पंचमीला पहिला वडा तेलात सोडला की भिंतीवर तीन ठोके पडायचे. मी बघायला जायची, पलीकडे कोणी नसायचं. ह्यांना ऐकू यायचे नाहीत. सासूबाई वारल्या त्याच्या आदल्या पंचमीला मात्र ठोके पडताच त्यांनी भिंतीकडे पाहिलं, आणि मग दिवसभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

आमचे हे, त्र्यंबकराव, हायस्कुलात मास्तर. दोन्ही समाजांनी एकत्र बसून बोलावं म्हणून सत्तावन्न साली त्यांनी वाचनालयात सभा ठेवली. बायकांतून तू पाच मिनिटं बोल, म्हणाले, तू आणि झुलेखा बहिणींसारख्या कशा राहिलात ते सांग. मरियम पहिल्या रांगेत बसणार होती. खोटं बोलले तर ते तिच्या आईच्या नावावर बोलणार, आणि खरं बोलले तर माझी एकुलती एक पोर मला अंतरणार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिवा आमच्याच घरचा.

सभेच्या दिवशी सकाळी मी वरवंटा घेतला आणि आपण होऊन तीन ठोके दिले. मरियम पीठ लागलेल्या हातांनी धावत आली.

"मी ऐकलं होतं गं त्या दिवशी," मी म्हटलं. "तिन्ही ठोके ऐकले होते."

भोकातून मला तिचा एकच डोळा दिसत होता.

"मला ठाऊक आहे, काकी. मीच वाजवलं होतं. मी परत वाजवणार होते. तेवढ्यात तुमच्या खिरीचा वास आला. अम्मानं माझा हात धरला. म्हणाली, आज तिच्या सासऱ्यांचं आहे, मी विसरलेच. आता वाजवू नकोस. बिचारीला परत न्हावं लागेल, सगळं रांधलेलं फुकट जाईल. मला काही फारसं दुखत नाही. पत्रावळी बाहेर पडल्या की हाक मार."

"आणि तू?"

"मी पत्रावळींची वाट बघत बसले."

मी तिथेच खाली बसले. रडूसुद्धा आलं नाही मेलं. आमचं सोवळं मी पाळलं ते सासूबाईंच्या धाकानं, आणि झुलेखानं पाळलं ते माझ्या मायेनं. ते तिला शिकवलं होतं मीच.

संध्याकाळी सभेत मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. हे टेबलाकडे बघत राहिले. आमच्यातले दोघे उठून गेले, त्यांच्यातलाही एक गेला. मरियम बसून राहिली आणि मला घेऊनच घरी आली. पुढच्या वैशाखात तिचं लग्न झालं, ती भिवंडीला गेली. इसाकभाई तिच्यापाशी राहायला गेला आणि पलीकडच्या घराला कुलूप लागलं.

त्या वर्षीही पंचमी आली. मी सोवळ्यात, खीर आटत आलेली, बाहेर ब्राह्मण पाटांवर बसलेले. पहिला वडा सोडला आणि तीन ठोके पडले. मी झारा टाकला. ह्यांनी विचारलं, कुठे निघालीस. परसात गेले, भोकाला तोंड लावलं. पलीकडे अंगणात गवत माजलं होतं.

"ओ झुलेखा," मी म्हटलं, "आले गं."

कढईतला वडा करपला होता. शिजवलेलं सगळं मी गाईला घातलं, विहिरीवर जाऊन पुन्हा न्हाले आणि पुन्हा चूल पेटवली. ब्राह्मण चार वाजता जेवले.