लाल फुली

१९९८ साली, उन्हाळ्यातल्या एका रविवारी, आमच्या बाहेरच्या खोलीत तिघं संगणकासमोर बसून खेळाडू वाटून घेत होती. आमचे हे, माझा धाकटा भाऊ आणि आमची सतरा वर्षांची लेक. संगणक भावाच्या ऑफिसात मोडीत निघालेला. खेळ फुटबॉलचा, पण पायांचा नव्हे, डोक्याचा. पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलून आपला संघ बांधायचा. प्रत्येक नावापुढे दोन आकडे असत: आज तो कसा खेळतो आणि पुढे कुठवर जाऊ शकेल. ज्याला दुखापतीचा धोका, त्याच्यापुढे लाल फुली.

हे ओतकामाच्या कारखान्यात तपासनीस होते. पंपाचा प्रत्येक सुटा भाग छोट्या हातोडीने ठोकून आवाज ऐकायचे. आवाज जरा बसका आला की खडूने फुली, आणि भाग परत भट्टीत. ह्यांनी पास केलेला भाग कधी फुटला नाही, याचा ह्यांना फार अभिमान. खेळातही तेच. तिशी ओलांडलेले, वाढ संपलेले, पण फुली नसलेले गडी घ्यायचे.

“भावोजी, संघ काढताय की पेन्शनरांचं मंडळ?” भाऊ म्हणाला.

“शेवटच्या सामन्याला माझे अकराच्या अकरा उभे असतील. तुझे किती उरतात ते मोज.”

तेवढ्यात लेकीने फुलीवाला एकोणीस वर्षांचा पोरगा उचलला.

“अगं, दोन महिन्यांत घरी बसेल तो!”

“बसला तर बसला. चालला तर बघत राहाल, बाबा.”

लेक मैदानावरही खेळायची, आणि छान खेळायची. आदल्या वर्षी तिचा उजवा गुडघा दुखावला होता. खेळाच्या त्या रविवारच्या आदल्याच आठवड्यात तिला निवासी प्रशिक्षण केंद्राचं पत्र आलं. दोन वर्षं तिथेच राहायचं, पुढे देशाच्या संघाची वाट. डॉक्टर म्हणाले, “गुडघा टिकेलही, जाईलही. मी काय सांगू?” संमतीपत्रावर बुधवारपर्यंत सही हवी होती.

सोमवार गेला, मंगळवारही मावळला. ह्यांनी कागदाला हात लावला नाही. कपडे भिजवण्याआधी खिसे चाचपायचं काम लेकीचं. ह्यांच्या शर्टात तिला एक चौकोनी घडी सापडली. आत खेळातल्यासारखे रकाने आखलेले, वर तिचं नाव. आज: एकाहत्तर. पुढे: शहाण्णव. शेजारी लाल पेनाने फुली, दोनदा गिरवलेली.

शहाण्णव त्या खेळात कुणालाच नव्हते.

ती घडी घेऊन ह्यांच्यासमोर उभी राहिली.

“शहाण्णव दिलेत ना, बाबा? मग घेत का नाही मला?”

“तो पोरगा मोडला तर दुसरा घेता येतो गं. तुझा पाय गेला तर मी काय करू?”

“आणि नाही गेला तर?”

हे चष्मा पुसत राहिले. तो स्वच्छच होता.

संमतीपत्रावर ‘आई किंवा वडील’ असं छापलेलं होतं. मी ते पहिल्याच दिवशी वाचलं होतं. बुधवारी हे कामावर गेल्यावर लेकीने कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. मी म्हटलं, “संध्याकाळी बाबांना पुन्हा विचारू या.” केंद्राचं ऑफिस पाचला बंद व्हायचं, हे दोघींनाही ठाऊक होतं. तिने पेनाला टोपण लावलं.

भाऊ पुढे बदली होऊन गेला. अजूनही फोनवर कधी म्हणतो, “ताई, तू तरी...” आणि वाक्य तिथेच सोडतो. हे निवृत्त झाल्यावर त्या जुन्या संगणकावर एकटेच खेळत. एकजात फुलीवाली पोरं घेत आणि हरत. ह्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. लेक आता चव्वेचाळीसची आहे, चष्म्याच्या दुकानात काम करते. त्या बुधवारनंतर तिने चेंडूला पाय लावला नाही. गुडघा एकदाही दुखला नाही.

आमची लिफ्ट महिन्यातून दोनदा तरी बंद पडते. तेव्हा दोन्ही पिशव्या तीच घेते. मी पहिल्या मजल्यावर कठडा धरून दम घेत उभी असते आणि वरून तिची पावलं ऐकू येतात. दोन-दोन पायऱ्या एकदम, पार चौथ्या मजल्यापर्यंत.