रांगेत पुढे कोण

दिराच्या खोलीचं दार बंद झालं की आपल्या कॉलवरचं बोलणं रखडतं, हे लक्षात आलं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली.

ती दुभाषी होती. घरातल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी हेडफोन लावून बसायची. लॅपटॉपच्या पडद्यावर दवाखान्यातले डॉक्टर, त्यांच्यासमोर त्यांची भाषा न येणारा पेशंट, आणि मधे ही. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. या कामात शब्द अडला तर विचारून घेता येतं, पण उत्तर रेंगाळलं की संपलंच. डॉक्टरांना वाटतं पेशंट काहीतरी लपवतोय, पेशंटला वाटतं बाई पदरचं घालतेय. हल्ली रोज दुपारी नेमकं हेच व्हायचं. एजन्सीच्या बाईंनी अगदी गोड आवाजात सांगून टाकलं होतं, "आणखी एक तक्रार आली तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल हं." नवरा नोकरी शोधत दिवसभर वणवणत होता. हे काम गेलं तर घराचं काय?

आता हा दीर. हसतमुख, ऑनलाइन खेळांचा वेडा, आणि कुठल्याशा कंपनीत नेटवर्कचं काम बघणारा. घरातला इंटरनेटचा राउटर त्यानेच बसवला होता. "वहिनी, सगळ्यांना एका रांगेत उभं केलं की बोलणाऱ्याचे हाल होतात," तेव्हा त्याने समजावलं होतं. "सिनेमा पुढचं आधीच साठवून ठेवतो, त्याला जरा थांबवलं तरी चालतं. बोलणं ताजंच लागतं. म्हणून तुम्हाला सगळ्यांत पुढे उभं केलंय." तेव्हा ती केवढी हरखली होती! आता तेच आठवून चडफडत होती. रांग लावणारा हा, पासवर्ड याच्याकडे, आणि खेळालाही म्हणे बोलण्याइतकीच घाई असते. मग साहेबांनी गुपचूप स्वतःला पुढे सरकवलं तर कुणाला कळणार?

सकाळी चहा देताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "भाऊजी, राउटरला काही केलंत का अलीकडे?"

त्याने कप तोंडाशी नेता नेता थांबवला. "अं? नाही हो."

तो 'अं' तिला पुरला. माणूस कधी आणि का अडखळतो हे ओळखण्यात तिचा दिवस जायचा. इथे पाणी मुरत होतं खास!

"तुझा जुना लॅपटॉप मात्र फार गुणाचा निघाला," सासूबाई मधेच म्हणाल्या. "माझ्या मालिका कशा झरझर चालतात! एकदासुद्धा अडकत नाहीत." एजन्सीने नवा लॅपटॉप पाठवल्यावर जुना तिनेच त्यांना देऊन टाकला होता. "बरं झालं," ती दिराच्या साळसूद चेहऱ्यावरची नजर न हलवता म्हणाली.

दुपारी दिराचं दार लागलं. तिच्या पडद्यावर धाप लागलेली एक बाई होती आणि डॉक्टरांच्या हातात इंजेक्शन.

"या औषधाचा कधी त्रास झालाय का, विचारा."

बाई लगेच म्हणाली, अंग सुजलं होतं एकदा. हिनेही लगेच सांगितलं. पण ते वाटेतच कुठेतरी राहिलं. डॉक्टरांनी क्षणभर वाट पाहिली, काहीच ऐकू येईना तेव्हा मान हलवली आणि सुई पुढे केली. "थांबा!" ती किंचाळली. तेही पोचेना. शेवटी त्या बाईनेच घाबरून हात मागे घेतला म्हणून निभावलं.

मग डॉक्टरांचा आवाज आला. "झोपला होतात का तुम्ही? लाइन नीट करा आणि लगेच परत या. नाही जमलं तर मी तक्रार करतोय."

हेडफोन आपटून ती दिराच्या दारावर जाऊन धडकली. "बंद करा तो खेळ! माझी नोकरी घालवायचीय का तुम्हाला?"

दार उघडलं. दिराच्या कानांत कापसाचे बोळे होते आणि हातात ऑफिसचे कागद. "कुठला खेळ? आईची मालिका सुरू झाली की मी दार लावून घेतो. हे वाचून संपवायचंय आज."

तेव्हा कुठे तिला आतल्या खोलीतलं कर्कश भांडण ऐकू आलं. रोज या वेळी तिच्या कानांवर हेडफोन असायचे.

त्याने मोबाइलवर राउटर उघडून पाहिला आणि कपाळावर हात मारला. "जुना लॅपटॉप आईला दिलात ना? अहो, राउटर माणसं ओळखत नाही, यंत्रं ओळखतो. मी पुढे उभं केलं होतं ते त्या लॅपटॉपला!"

म्हणजे मालिकेतली खाष्ट सासू रांगेत पहिली आणि ही तिच्या मागे ताटकळत. त्याने नवा लॅपटॉप पुढे घेतला. सासूबाईंनी ओशाळून मालिकाच बंद करून टाकली. तिने धावत जाऊन कॉल जोडला. शब्द पडताक्षणी पलीकडे पोचला. डॉक्टरांनी ते औषध बाजूला ठेवून दुसरं मागवलं आणि "आता कसं!" असंही म्हणाले.

तिने हेडफोन काढले तेव्हा दीर दारातच उभा होता.

"जमलं?"

"जमलं हो! देवासारखे धावलात."

तो हसला. मग हसायचा थांबला. "वहिनी, खरं सांगा. तुमचं काम बुडवून मी खेळत बसेन, असं वाटलं होतं तुम्हाला?"

एका शब्दाचं उत्तर होतं. ते तिच्या ओठांवर यायला जरा वेळ लागला.

"नाही," ती म्हणाली. "नाही हो, भाऊजी."

"बरं," तो म्हणाला, तिच्याकडे न बघता. घरात आता काहीच आवाज नव्हता. तरी खोलीत जाऊन त्याने दार लावून घेतलं.