दारावरचा अंगठा

दातवाल्या ताई हे नाव गल्लीने ठेवलेलं, आणि त्यांनीही ते कधी मनाला लावून घेतलं नाही. दाताचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायचे आणि ते ताईंकडे यायचं. मग घराच्या मागच्या खोलीत बसून ताई मेणात एकेक दात बसवायच्या, गुलाबी हिरड्या घडवायच्या, कवळी घासून चकचकीत करायच्या. गल्लीतले निम्मे म्हातारे माझ्या बहिणीच्या कृपेने हसतात, असं त्यांचा धाकटा भाऊ चारचौघांत सांगायचा.

या भावाला घरात सगळे चिकट्या म्हणायचे. पोरवयापासून त्याच्या बोटांना गोंद. गाड्यांची प्लॅस्टिकची मॉडेलं जोडायचा नाद त्याला जो लागला तो सुटलाच नाही. सैन्यात ट्रक चालवायला लागला तरी सुट्टीवर येताना पिशवीत एक किट असायचंच. वर्षभर ट्रक हाकून पोट भरत नाही, घरी येऊनही ट्रकच, असं बायको कुरकुरायची आणि मग स्वतःच त्याला चिमटे शोधून द्यायची.

शेवटचं किट तो चालवायचा त्याच ट्रकचं होतं, खऱ्यापेक्षा पस्तीस पट लहान. सांगाडा, चाकं आणि केबिन जोडून झाली, मागचा हौदा राहिला. तेवढ्यात सुट्टी संपली. तो परत गेला, आणि काही आठवड्यांनी डोंगरातल्या एका वळणावर रस्ताच खचला. ट्रक खाली गेला, ट्रकबरोबर चिकट्याही.

लढाई नव्हती, गोळी नव्हती, तरी भाषणं व्हायची ती झाली. वर्तमानपत्रात तो निधड्या छातीचा झाला. अप्पांनी, म्हणजे ताईंच्या वडिलांनी, त्याचा फोटो मोठा करून आणला, तर स्टुडिओवाल्याने त्याच्या गालावरचा देवीचा व्रणच पुसून टाकलेला. तो तसाच भिंतीला लागला. फोटो छान दिसत होता.

वर्ष सरलं तशी भावजयीला दुसऱ्या गावात शाळेत नोकरी लागली. जायच्या आधी अप्पांनी तिच्यापुढे ट्रंक उघडून ठेवली. गणवेश, टोपी, पदक, काय हवं ते ने म्हणाले. तिने यातलं काही नको म्हटलं. तिला तो अर्धवट ट्रक हवा होता, पण हिरवा नको होता.

सैन्यातून सुटल्यावर लिलावात असला एक जुना ट्रक घ्यायचा आणि लोकांचं घरसामान हलवायचा धंदा करायचा, हा नवराबायकोचा बेत होता. कपाट कधी गोळी मारत नाही, असं चिकट्या म्हणायचा. मागे उंच बंद हौदा, निळा रंग, आणि केबिनमध्ये शेजारची सीट बायकोची, कारण पत्ते विचारायला त्याला लाज वाटायची. तिने ताईंना एवढंच सांगितलं, "तुम्ही तोंडातले दात अस्सल वाटतील असे करता, तेवढा हा ट्रक करून द्या. आमचा. सैन्याचा नाही."

ताईंनी आयुष्यात मॉडेल जोडलं नव्हतं. पण कानस, मेण, बारीक करवत हे सगळं रोजच्या हातातलं. त्यांनी आधी ट्रकमधून सैन्य काढायला घेतलं. केबिनच्या छपरावर बंदूक बसवायची गोल कडी होती, ती कापली आणि उरलेलं भोक बुजवलं. पुढचे दोर अडकवायचे हूक काढले. दिव्यांवरच्या झाकण्या उचकटल्या, तेव्हा ट्रकने एकदाचे डोळे उघडल्यासारखं वाटलं. हौदा त्यांनी घरात होता त्या कवळीच्या मालाने केला, तो अर्थात हिरड्यांसारखा गुलाबी झाला. अप्पा डोकावून म्हणाले, हा ट्रक आता चावेल. वर्षभरात अप्पांनी केलेली ती पहिलीच थट्टा. ताई हसल्या आणि नंतर नाक पुसत बसल्या.

आता कवळीच्या कामात एक नेम असतो. तोंडात तांदळाच्या कणीएवढं खडबडीत राहिलं तरी माणसाला जेवण गोड लागत नाही. म्हणून कवळीवरून बोट फिरवायचं आणि बोट अडेल तिथे घासायचं. पंचवीस वर्षांत हे ताईंच्या बोटांत इतकं मुरलं होतं की डोक्याला विचारायची गरजच उरली नव्हती. त्या दिवशी रेडिओवर कसलीशी चर्चा चालली होती. रंग देण्याआधी ताईंनी केबिनवरून बोट फिरवलं. चालकाच्या दारावर ते अडलं. त्यांनी पॉलिश पेपर घेतला, दार आरशासारखं केलं आणि ओल्या फडक्याने टेबल पुसून घेतलं. मग निळा रंग मारला. रंग असा बसला की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी भावजयीचा फोन आला. शनिवारी न्यायला येते म्हणाली. मग तिने विचारलं, "दारावरचा अंगठा रंगाखाली झाकला नाही ना गेला?"

ताईंना आधी कळेचना. मग तिनेच हसत हसत सांगितलं. मॉडेलचा गोंद प्लॅस्टिक विरघळवतो. दार चिकटवताना चिकट्याने ओल्या गोंदावर अंगठा टेकवला आणि त्याचा ठसा प्लॅस्टिकमध्येच उमटून बसला, रेघ न रेघ. तिने त्याला धांदरट म्हटलं होतं. तो म्हणाला होता, राहू दे, गाडी चोरीला गेली तर ओळख पटवता येईल.

काल त्याच दारावर बोट अडलं होतं, हे ताईंना आठवलं. तोंडातून मात्र "नाही गेला" असं निघून गेलं.

नंतरचे दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. भिंग लावून त्या दाराकडे बघत बसायच्या. पॉलिश पेपर शोधून झटकून पाहिला, त्यातून हिरवी धूळ पडली, बस. त्या कुठे घाव घालून बसल्या होत्या असं नव्हतं. त्यांनी नीट काम केलं होतं, आणि याचंच त्यांना जास्त लागत होतं.

शनिवारी भावजय आली. पाणी प्यायली, अप्पांशी चार शब्द बोलली आणि मागच्या खोलीत आली. ट्रक बघून तिने तोंडावर हात धरला. निळा रंग, मागची शिडी, हौद्यात कागदाचं कपाट आणि गुंडाळलेली गादी. शेजारच्या सीटवर ताईंनी सुताची चिमुकली उशीसुद्धा ठेवली होती. मग तिने अंगठा दारावर ठेवला. सरकवला. पुन्हा ठेवला.

"घासलं गेलं गं माझ्याकडून," ताई म्हणाल्या. "फोनवर खोटं बोलले. लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता."

तिचा अंगठा दारावर तसाच. शेवटी ताईंना राहवेना. त्यांनी चाचरत विचारलं, गोंद आहे, माझा अंगठा उमटवू का, एका आईचीच लेकरं आम्ही, रेघा काही फार...

"नको. खोटे दात लोकांना चालतात, ताई. मला हे नाही चालायचं."

आणि मग ती बोलत सुटली, आवाज न चढवता, ट्रककडे बघत. तुम्ही सगळ्यांनीच त्यांना घासलंत, म्हणाली. भाषणात घासलं, फोटोत घासलं. ते घोरायचे. उधार मागायला गेले तर दारातून परत यायचे. वळणाला भ्यायचे ते, माहीत आहे तुम्हाला? मला सांगायचे, प्रत्येक वळणाला पोटात कळ येते. हे मी कुणापुढे बोलू? सगळ्यांना निधडी छाती पाहिजे. माझ्याजवळ त्यांचं तेवढंच खडबडीत उरलं होतं.

ताईंनी मान खाली घातली. भावाला वळणांची भीती वाटायची हे त्यांना आजच कळत होतं. त्यांनी इतकंच विचारलं, "आणखी काय काय होतं त्याचं?"

भावजयीने त्यांच्याकडे पाहिलं, बहुधा चिडायला. मग स्टुलावर बसली. पुष्कळ बोलली. काही गोष्टींवर दोघी हसल्या, एका गोष्टीवर ताई इतक्या रडल्या की अप्पा दारापर्यंत येऊन परत गेले. चहा दोनदा झाला आणि दोन्हीदा गार झाला.

उठताना ती म्हणाली, "ते दार काढून द्या."

"मोडल्यासारखा दिसेल गं."

"नाही दिसणार. चालवणारा मिनिटभर खाली उतरलाय असं वाटेल."

ताईंनी बारीक करवत घेतली. कोपर टेबलावर टेकवलं. दार निघालं, नखाएवढं, निळं. आत स्टिअरिंग दिसायला लागलं, रिकामी सीट आणि पलीकडची उशी. कापलेल्या कडेवर प्लॅस्टिकचे तंतू राहिले होते. ताईंचं बोट तिकडे वळलं. भावजयीने ते हलकेच बाजूला केलं.

"दार कागदात बांधून देऊ?"

"तुमच्याकडे राहू दे. तुम्हीच घासलंय ते."

यात राग किती होता आणि माया किती, हे ताईंना नंतरही उलगडलं नाही. रिक्षात तिने ट्रक खोक्यात ठेवला नाही, मांडीवर घेतला. रस्ता खड्ड्यांचा होता. रिक्षावाल्याला तिने सावकाश घ्यायला सांगितलं, आणि तो खरंच सावकाश गेला, त्यामुळे ती ताईंना बराच वेळ दिसत राहिली.