उन्हाची सवय

सावली

"बाबा, तुला करायचं काही नाही. फक्त बसायचं."

"अंड्यांवर बसायला मी कोंबडी आहे का?"

"ऊन त्या खांबापाशी आलं की ट्रे मागे सरकवायचा. पानांनी माना टाकल्या तर फवारा मारायचा. बाकी हात लावायचा नाही."

"टॅन्सी, तू रांगत होतीस तेव्हापासून मी गांजा लावतोय."

"म्हणूनच सांगतेय."

ऑरिन दाढीतल्या दाढीत हसला आणि शेडनेटच्या कडेला खुर्ची टाकून बसला. समोर एकच ट्रे. त्यात काळ्या पिशव्यांमधली बोटभर उंचीची कलमं. मागच्या खोलीत, दिव्यांखाली मुळं धरलेली. वारा कसा असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. खरं ऊन एकदम अंगावर आलं असतं तर दुपारपर्यंत पानं कागदासारखी पांढरी झाली असती. म्हणून रोज थोडं. काल सावलीत नुसता वारा, आज सकाळचं कोवळं ऊन.

दुसरा ट्रे नव्हता. हे आधीच सांगायला हवं होतं.

मूळ झाड टॅन्सीच्या आईचं, लॉर्नाचं. निळसर पानांचं; ओल्या देवदाराचा आणि मिरीचा वास असलेलं. डोंगरावर सगळे त्याला लॉर्नाची निळी म्हणत. लॉर्ना दोन वर्षांपूर्वी गेली. झाड या हिवाळ्यात गेलं, मुळं सडून. ते मरत असताना टॅन्सीने जिवंत राहिलेला प्रत्येक शेंडा छाटून लावला होता. बी पेरून त्या झाडाची लेकरं आली असती, ते झाड आलं नसतं. जे उरलं होतं ते या ट्रेमध्ये होतं.

शेडच्या भिंतीवर गांजा लावण्याचा सरकारी परवाना चौकटीत लावलेला होता; आता ते कायदेशीर होतं. ऑरिनने तो अजून एकदाही नीट वाचला नव्हता.

ऊन

खालच्या गार्बरव्हिल गावातून ठिबकच्या नळ्या घेऊन टॅन्सी परत येत होती. कच्चा रस्ता, मागे धुरळ्याची शेपटी. कड्याच्या मागून आवाज आला.

धप धप धप धप.

हेलिकॉप्टर.

टॅन्सीने पिकअप जोरात हाणली.

नाही. असं झालं नाही. असं तिला नंतर सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. आधी पिकअप थांबली. रस्त्यावर नाही, वळणावरच्या लॉरेलच्या दाट झाडाखाली. इंजिन बंद. काचा वर. टॅन्सी सीटवरून घसरून खाली, गुडघे पोटाशी, तोंड खाली. आई शिकवायची ना, आवाज आला की झाड गाठायचं आणि वर बघायचं नाही, वरून चेहरा चमकतो. इतर मुलं लपाछपी खेळायची, या डोंगरावरची मुलं हे शिकायची. एका उन्हाळ्यात टॅन्सी अशीच ओकच्या मुळांत पालथी पडून राहिली होती, आणि पोलिसांची माणसं हेलिकॉप्टरमधून दोरावरून खाली उतरून गांजाचं सगळं रान कापून घेऊन गेली होती. वडिलांनाही.

धप धप धप

परवान्याची प्रत समोर, सनवायझरला अडकवलेली. ती तिला आत्ता दिसली. काचेतून वर पाहिलं तर हेलिकॉप्टरखाली लांब दोरीला लाल बादली लोंबकळत होती. आग विझवणारं. कुठेतरी पेटलं होतं, बस्स.

ती हसली. मग तिने घराच्या दिशेने पाहिलं. मी इथे झाडाखाली आहे, तर बाबा कुठे असेल?

आणि काय घेऊन?

तिने रेडिओ उचलला. या डोंगरात फोन चालत नाही. "डेल्फीन! ऐकतेस का?"

खालच्या शेजारणीचा आवाज आला, खरखरत. "घाबरू नकोस गं. आग पलीकडच्या खोऱ्यात आहे. माझ्या तळ्यातलं पाणी उपसतायत मेले, माझी बदकं वेडी झालीत."

"तुझ्या ओट्यावरून आमचं शेडनेट दिसतं ना?"

"दिसतंय."

"बाबा?"

"तो नाही दिसत."

"ट्रे?"

खरखर.

"डेल्फीन, ट्रे?"

"खुर्ची आडवी पडलीय," डेल्फीन म्हणाली. "ट्रे नाहीये गं."

आता मात्र टॅन्सीने पिकअप खरोखरच

काळोख

हाणली होती, इतकी की अंगणात ती आडवी सरकली. शेडनेट रिकामं. ऊन खांब ओलांडून पुढे गेलेलं.

ऑरिन ओकच्या बुंध्याशी बसला होता, तोंड गुडघ्यांत खुपसून.

"बाबा, कलमं कुठे आहेत?"

"शूऽ!"

"बाबा!"

त्याने मान वर न करता बोट दाखवलं. भर उन्हात, गुरांच्या जुन्या पत्र्याच्या हौदावर काळी ताडपत्री. कडेने दगड ठेवलेले, नीट, घाईत असूनही नीट. हात विसरले नव्हते.

टॅन्सीने ताडपत्री ओढली. आतून गरम वाफ तोंडावर आली, आणि तो वास. देवदार, मिरी. इतका दाट वास कधीच आला नव्हता. पानं वाफवलेल्या पालकासारखी पिशव्यांच्या कडांना चिकटली होती. फक्त हौदाच्या तळाशी जिथे जुनं पाणी होतं, तिथली थोडी अजून हिरवी होती. उभी नव्हती.

"आगीचं हेलिकॉप्टर होतं ते," ती म्हणाली.

"आवाज मला कळतो."

"बादली होती खाली! लाल! एवढी मोठी!"

"वर कोण बघतं?" ऑरिन म्हणाला. "वर बघायचं नसतं."

तिच्या तोंडाशी बरंच काही आलं होतं. ऑरिन उठला, हौदात वाकून पाहिलं, आणि एक चिकटलेलं पान बोटाने सोडवलं. मग तो एकदम म्हणाला, "आवाज आला तेव्हा तू वळणाशी असशील. इतका वेळ का लागला?"

टॅन्सीने ताडपत्रीची घडी घालायला घेतली.

"काय गं?"

"लॉरेलखाली थांबले होते."

"इंजिन बंद केलंस?"

"केलं."

"काचा?"

"वर."

तो हसला नाही. मान हलवली. "चांगलं झाड आहे ते. दाट."

पुन्हा ऊन

हिरवी उरलेली त्यांनी शेडनेटखाली आणली. टॅन्सी देठ चिमटीत धरून बघत होती: मऊ, मऊ, मऊ, हा जरा टणक. ऑरिन फवारा मारत होता, धुकं पडावं तसा, हलका.

धप धप

हेलिकॉप्टर परत तळ्याकडे निघालं होतं, या वेळी अगदी खालून. वाऱ्याने शेडनेट फुगलं. एक क्लिप तुटली, दुसरी तुटली. माथ्यावर मध्यान्हीचं ऊन. नेट उडालं तर या अर्धवट शिजलेल्या पानांचं घटकाभरात वाळकं गवत झालं असतं.

ऑरिन ओकच्या दिशेने निघालाही होता.

"बाबा! टोक धर!"

तो मधेच थांबला. ना झाडाखाली, ना नेटखाली.

"मला एकटीला नाही जमणार! आई असती तर..."

"तुझी आई असती तर माझ्या आधी पळाली असती!"

"बाबा, धर ना रे!"

तो आला. शिव्या देत, पाठ वाकवून, पण आला. दोघं मोकळ्या उन्हात हात वर करून उभे, हातात नेटची टोकं, डोक्यावर ते धूड. बादलीतून गळणारं पाणी नेटवर टपटपलं. ऑरिनने डोळे मिटून घेतले होते.

"गेलं का?"

"नाही."

"आता?"

"अजून नाही. पायलट हात हलवतोय."

"कुणाला?"

"तुला."

ऑरिनने एक डोळा उघडला, मग दुसरा. पांढरी दाढी, उघडं तोंड, सगळा चेहरा आभाळाकडे. "त्याला म्हणावं," तो ओरडला, "हात रिकामा नाहीये माझा!"

सावली

उन्हं कलली तेव्हा तीन कलमांनी माना उचलल्या होत्या. बाकीची टॅन्सीने पिशव्यांसकट बाजूला काढली.

"तीन," ऑरिन म्हणाला.

"एक तगलं तरी पुरे. त्याचेच शेंडे काढून लावू."

"उद्या?"

"उद्या नुसता वारा. ऊन नाही."

हेलिकॉप्टरच्या फेऱ्या अजून चालूच होत्या. ऑरिनने आडवी पडलेली खुर्ची उचलली. ओकच्या सावलीत ठेवली, थांबला, परत उचलली, आणि अंगणात नेऊन, जिथे वर आभाळाखेरीज काही नव्हतं तिथे टाकून बसला. आवाज आला की त्याची बोटं खुर्चीच्या दांड्यावर घट्ट व्हायची.

खुर्ची हलली नाही.