मागच्या बाकावरची कुजबुज

ओर्मोक शहराच्या वर डोंगरात जमिनीतल्या वाफेवर वीज तयार करतात, तिथं कर्कला दोन वर्षांची नोकरी लागली. त्याच्यामागून त्याची बायको जनील अमेरिकेतल्या आयडाहोहून लेयते बेटावर आली. कर्कची कामाची पाळी नेमकी रविवारी असायची, त्यामुळे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीच्या प्रार्थनेला ती एकटीच जायची. निघण्याआधी पुस्तकावरून तिनं त्या देशाची मुख्य भाषा, टागालोग, घोटून घोटून पाठ केली होती. इथं आल्यावर कळलं की या बेटावर लोक बोलतात बिसाया.

पहिल्याच महिन्यात तिला मुलांचा वर्ग दिला गेला. तिनं मुंग्यांची गोष्ट सांगितली. टागालोगमध्ये मुंगी म्हणजे 'लांगगाम', पण बिसायात लांगगाम म्हणजे पक्षी. तिच्या गोष्टीतले पक्षी रांगेनं स्वयंपाकघरात शिरले, साखरेच्या डब्यात उतरले, आणि शेवटी जनीलच्या आईनं त्यांना फडक्यानं पुसून टाकलं. मुलं हसून हसून बाकाखाली गेली. एक मुलगी मात्र पक्ष्यांसाठी रडायला लागली. त्या दिवसापासून जनीलनं तोंड बंद ठेवायचं ठरवलं.

पुढच्या रविवारी प्रभुभोजनाचा पाव आणि पाणी वाटून झालं, भाषणं सुरू झाली, आणि तिच्या उजव्या कानाशी कुणीतरी हळूच इंग्रजीत बोलू लागलं. बाईचा, म्हातारा, शाळेत शिकवून कडक झालेला आवाज. परदेशी माणसामागं भाषांतराला कुणाला तरी बसवतात, हे तिला नवीन नव्हतं. तिनं मान किंचित मागं झुकवली आणि ऐकत राहिली.

भाषांतर चोख होतं, पण बाई स्वतःचा मीठमसाला घातल्याशिवाय राहत नसे.

"हा तोमास म्हणतोय, देवानं मला गुणी बायको दिली. आता हे तो परत दोनदा म्हणेल. बायको बोलत नाहीये ना त्याच्याशी, जत्रेत शेजारणीबरोबर गाणी म्हणत बसला होता तेव्हापासून."

तोमासनं खरंच परत दोनदा म्हटलं. जनीलला हसू आवरेना. तिनं खोकल्याचं निमित्त केलं. सभा संपली की बाकांमधून एकच झुंबड उडायची, पोरं पायात यायची, कुणी ना कुणी हात धरून बोलायला लागायचं. वळून बघेपर्यंत मागं कुणी नसायचं. म्हातारी माणसं लवकर घरी जात असतील, असं तिला वाटायचं. कर्कला ती रात्री जेवताना बाईचे शेरे ऐकवायची. रविवारची ती वाट बघायला लागली.

मग एकदा असं झालं की ती सगळ्यांच्या आधी हसली. बोलणारा अजून वाक्याच्या मध्येच होता. तिच्या हसण्यानंतर त्यानं विनोद पूर्ण केला आणि मंडळी हसली. व्यासपीठाजवळ बसलेल्या रोसविंदानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. रोसविंदा ही मंडळीचे अध्यक्ष अबेलार्दो यांची बायको. बोलायला मोकळी, पण त्या दिवशी तिची नजर बराच वेळ हलली नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी वीज गेली. पंखे थांबले. लोक घामानं भिजून खिडक्यांकडे सरकले, हातातल्या पुस्तकांनी वारा घेऊ लागले. जनीलच्या मानेवर मात्र गार श्वास येत होता. त्याला आल्याच्या काढ्याचा वास होता. एवढ्या उकाड्यात कुणाचा श्वास गार कसा, म्हणून ती वळली.

मागचं बाक रिकामं होतं. त्याच्या मागच्या बाकावर एक बाई बाळाला रुमालानं वारा घालत होती, पण तीही खिडकीशी, दूर.

"समोर बघ," आवाज म्हणाला. तिच्या कानाशी, आधी होता तिथूनच. "सभेत असं वळून बघणं बरं दिसत नाही."

जनीलनं समोर बघितलं. हात मांडीवर घट्ट धरले. आवाज अबेलार्दोंच्या भाषणाचं भाषांतर करत राहिला, एक शब्दही न गाळता, आणि त्यांच्या सदऱ्याला इस्त्री नाही हेही सांगून मोकळा झाला.

सभेनंतर तिनं रोसविंदाला बाहेरच्या आंब्याखाली गाठलं. मला भाषांतर करून देणारी बाई कोण, असं विचारलं. रोसविंदा म्हणाली, कुणालाच नेमलेलं नाही. तू योग्य जागी हसतेस, तेव्हा तुला भाषा येतेच असं आम्ही धरून चाललो. जनीलनं मग आवाजाचं सांगितलं, शेऱ्यांचं सांगितलं. आल्याच्या वासाचं सांगितलं तेव्हा रोसविंदा आंब्याच्या मुळावर खालीच बसली.

जनीलच्या मागचं ते बाक रोसविंदाच्या आईचं होतं, आल्याचा काढाही तिचाच. फेलिसिदाद मास्तरीणबाई. समोरच्या कामोतेस बेटांवरच्या पोरो गावातून लग्न होऊन इकडे आल्या, आणि मंडळीत आलेल्या प्रत्येक अमेरिकन माणसाच्या मागं बसून त्यांनी भाषांतर केलं. जनील येण्याच्या आदल्या वर्षी त्या वारल्या. त्या आधी बराच काळ मायलेकींत अबोला होता. आईनं एकटीनं राहू नये, आमच्याकडे यावं, यावरून भांडण झालं होतं, आणि दोघीही हट्टी.

"माझ्याबद्दल काय म्हणते?" रोसविंदानं विचारलं.

जनील आठवू लागली.  आवाजानं तोमासला सोडलं नव्हतं, जावयाला सोडलं नव्हतं. पण रोसविंदा बोलायला उभी राहिली की कानाशी काहीच नसायचं. फक्त श्वास.

"काहीच नाही," ती म्हणाली. "तुम्ही बोलता तेव्हा त्या गप्प असतात."

"म्हणजे मेल्यावरसुद्धा अबोला," रोसविंदा म्हणाली, आणि तळहातानंच डोळे पुसत आत गेली.

महिन्याचा पहिला रविवार उपासाचा. त्या दिवशी भाषणं ठरलेली नसतात, ज्याला वाटेल त्यानं उठून आपली श्रद्धा सांगायची. जनीलनं त्या दिवशी पुढचं बाक धरलं होतं. पोटात अन्न नव्हतं, आणि आठवडाभर नीट झोपही लागली नव्हती. आपण उठून इंग्रजीत दोन वाक्यं बोलावीत, रोसविंदाचे आभार मानावेत, एवढंच तिच्या मनात होतं.

ती उठली, बोलली. इथल्या लोकांनी मला सांभाळून घेतलं, असं म्हणाली. रोसविंदाचं नाव घेतलं. बोलता बोलता तिला दिसलं की पोरं हलायची थांबली आहेत. तोमासचं तोंड उघडं राहिलंय. मागं बसलेली एक म्हातारी छातीवर हात ठेवून उभी राहिली. रोसविंदाही उभी राहिली, आणि लहान मुलीसारखी मान हलवू लागली, हो, हो.

जनीलनं 'आमेन' म्हटलं. कुणीही ते परत म्हटलं नाही. घड्याळाकडे बघितलं तर सभेची वेळ संपून गेली होती.

अबेलार्दोंनी तिला दाराशी सांगितलं, आणि सांगताना ते तिच्या डोळ्यांत बघत नव्हते. ती इंग्रजीत बोललीच नव्हती. ती बिसायात बोलली होती, तीही पोरोची, जुन्या माणसांची. एकदाही न अडखळता. काही जणांनी तिला मिठी मारली, देवानं तुला भाषेचं दान दिलं म्हणाले. बाळवाली बाई तिला वळसा घालून गेली.

 तिनं रोसविंदाला शोधून काढलं आणि विचारलं, मी काय बोलले?

"ते तुला सांगायचं नाहीये, बाई," रोसविंदा म्हणाली. तिचे डोळे सुजले होते, पण ती हसत होती. "ते माझं आहे. एवढंच सांगते, अदोबोच्या रश्शात व्हिनेगर जास्त घालते म्हणून आईनं सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढली."

त्यानंतर आवाज आला नाही. रविवारमागून रविवार जनील न कळणारी भाषणं ऐकत बसून राहिली, आणि तिला त्या शेऱ्यांची इतकी आठवण येई की भीती विसरायला होई. शेवटी रोसविंदानं तिला बिसाया शिकवायला घेतलं. बाजारात, मासळीच्या ओट्यापाशी, चालता चालता. जनील पुष्कळ चुकायची, पण वर्ष सरताना तिला कामापुरतं येऊ लागलं.

फक्त तिचे उच्चार वेगळे होते. पोरोची माणसं 'य'च्या जागी 'झ' म्हणतात, तशी ती म्हणायची. रोसविंदा जन्मली-वाढली ओर्मोकमध्ये, ती तसं कधीच बोलत नसे. जनील पोरोला एकदाही गेली नव्हती. पहिल्यांदा मासळीवालीनं विचारलं, तू कामोतेसची का गं, तेव्हा रोसविंदा पैसे मोजायची थांबली.

रोसविंदानं ते उच्चार कधी सुधारले नाहीत. कधीकधी परतीच्या वाटेवर ती जनीलला म्हणायची, बोल की काहीतरी. काय बोलू, असं जनील विचारायची. काहीही, भाज्यांची नावं घे. मग जनील भाज्यांची नावं घ्यायची, आणि रोसविंदा पिशवी खाली ठेवून, डोळे मिटून रस्त्याच्या कडेला उभी राहायची.