पहारा बदलला

वर्गातली पोरं त्याला मेजर म्हणायची. फौजेतून निवृत्त झाला तेव्हा तो हवालदार होता. "अठरा वर्षांत मिळाली नाही ती बढती कॉलेजनं एका दिवसात दिली," असं बायकोला सांगून तो हसला होता. चाळिशीला टेकलेला माणूस, पदवीच्या पहिल्या वर्षाला.

त्याची जागा ठरलेली. शेवटचा बाक, पाठ भिंतीला, नजर दारावर. दार वाजलं की वाचत असलेली ओळ हरवायची. सहामाहीला मात्र नंबर मधोमध आला, दार पाठीमागे. अर्ध्या तासानं मागं कुठंतरी बाक आपटला. भानावर आला तेव्हा तो मैदानात उभा होता, पेन हातातच. वार्षिक परीक्षेला हेच झालं तर वर्ष जाणार होतं, आणि शिकायची उमेदही.

कॉलेजच्या समुपदेशक बाई मायेनं ऐकून घ्यायच्या. "तुम्हाला परीक्षेला वेगळी खोली मिळेल, अर्ज तेवढा करा," त्या म्हणाल्या. अर्ज खिशात चुरगळत राहिला. आजारी म्हणून सही करायला हात धजेना, आणि मुदत उलटून गेली.

ग्रंथालयातल्या शिपाईकाकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. साठीला आलेले, गुडघ्यांनी जेरीस आणलेले काका पुस्तकं लावता लावता त्याला रोज बघत होते. एका दुपारी पुस्तकांचा गाडा त्याच्या टेबलाशी थांबला.

"मेजर, तासाभरात एक पान उलटलं नाहीत. एवढं काय आहे त्यात?"

तो ओशाळला. "दाराकडे लक्ष जातं, काका. पहाऱ्याची सवय."

"मग उठा की पहाऱ्यावरून."

"तसं उठता येत नाही. बदलीचा माणूस येऊन सांगेपर्यंत पहारा आपलाच."

"आणि तुमचा बदलीचा माणूस?"

 शेवटच्या चौकीवरून त्याला स्ट्रेचरवर घालून आणलं होतं. पहारा बदलला, असं त्याला कुणी म्हटलंच नव्हतं. हे त्यानं प्रथमच कुणाला तरी सांगितलं.

 काका गाडा भिंतीला लावून दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसले आणि तिथूनच म्हणाले, "पहारा बदलला. आता पाठ दाराकडं करा आणि मुकाट्यानं वाचा."

त्याला हसू आलं. पण त्यानं खुर्ची फिरवली. त्या दुपारी चार पानं झाली, आठवड्याभरात एक धडा.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या खळखळून हसल्या. "मी एवढी वही भरली, आणि काकांनी गाडा ढकलता ढकलता नेमकं बोट ठेवलं! तरी माझ्याकडेही येत राहा हं."

वार्षिक परीक्षेला नंबर पुन्हा मधोमध. जड पावलांनी तो परीक्षेच्या दालनाशी आला, तर दारात काका, हातात पाण्याचा जग.

"तुम्ही इथं?"

"पाणी द्यायचं काम मागून घेतलं." मग हळूच, "पहारा बदलला. जा आत."

तासाभरानं मागं खुर्ची कोसळली. पेन थांबलं. मांड्या उठायला ताठ झाल्या. दारात माणूस आहे, तो मनाशी म्हणाला. पुन्हा म्हणाला. मागं न बघता त्यानं अर्धवट वाक्य पुरं केलं, मग पुढचं.

पेपर देऊन तो बाहेर आला. काका चौकटीला टेकून उभेच होते.

"काका, तीन तास उभे? त्या गुडघ्यांवर?"

"तुमच्यात बसून देतात का पहारा?"

 तो आत गेला, कोपऱ्यातली खुर्ची उचलून आणली, काकांच्या मागं ठेवली आणि ताठ उभा राहिला.

"पहारा बदलला, काका. बसा आता."

काका कण्हत बसले. "उद्याही पेपर आहे ना?"

"आहे. पण उद्या बसून द्या पहारा," तो म्हणाला. "आमच्या कॉलेजात चालतं."